त्या दुपारचा घाम

४ फेब्रुवारी

चि. टाचणी यास,

आशीर्वाद देण्याइतके आपले संबंध राहिलेले नाहीत, पण धाकट्या भावाला लिहायच्या पत्राची दुसरी सुरुवात मला येत नाही, म्हणून आशीर्वाद. पाच वर्षं आणि चार महिन्यांनी लिहितोय. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी दुसऱ्याच वाक्याला भांडण काढतो, असं तुझी वहिनी म्हणते. कागदावर निदान तिसऱ्या वाक्यापर्यंत पोचलो.

कारण सांगतो. गेल्या महिन्यातल्या एका सोमवारी दुकानात गिऱ्हाइकाच्या अंगावर कोट चढवून बाह्यांची ट्रायल बघत होतो. एकाएकी घाम फुटला. पंखा डोक्यावर गरगरत होता, तरी शर्ट पाठीला चिकटला. आपल्या घरात घाम म्हणजे साखर उतरली, हे बाबांपासून ठरलेलं आहे. खणातली बरणी काढली, दोन चमचे साखर तोंडात टाकली आणि बाहीला टाचण्या लावू लागलो. घाम थांबेना. आणखी दोन चमचे टाकले. गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, तुम्ही बसा हो, कोट कुठं पळून जातोय." मी बसलो नाही. आपला स्वभाव तुला माहीत आहे.

शेवटी काजवाले काका उठले. तीस वर्षं आपल्याकडे काज-बटण करणारा हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले चार त्या दिवशी माझ्यावर खर्च केले. "हात इकडे करा, गप्प." बोटाला सुई टोचून त्यांनी मशीनवर साखर बघितली. दोनशे ऐंशी. म्हणजे साखर उतरली नव्हतीच, आणि मी वरून चार चमचे ओतले होते.

काकांनी रिक्षा आणली आणि मला दवाखान्यात नेलं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा लहान दिसतात, पण बोलतात हेडमास्तरणीसारख्या. ईसीजीची पट्टी बघून म्हणाल्या, "हा लहानसा झटका आहे. पण इथे एक जुना डागही दिसतोय. आधी कधी छातीत दुखलं होतं?" मी म्हटलं, कधीच नाही. त्या म्हणाल्या, "दुखणार नाहीच. इतकी वर्षं मधुमेह असला की नसा बोथट होतात. हृदयाला त्रास होतो, पण तुम्हाला पत्ता लागत नाही. घाम येईल, दम लागेल, जबडा ओढल्यासारखा होईल, नाहीतर नुसतंच गळून गेल्यासारखं वाटेल."

बोथट कात्री मी हातात घेण्याआधी ओळखतो. बोथट नसा कुठून ओळखणार?

चार दिवस ठेवून घेतलं, मूठभर गोळ्या दिल्या, घरी पाठवलं. एक छोटंसं काम बाकी आहे, ते सावकाश होईल. तब्येत बरी आहे. दुकान अर्धा दिवस उघडतो.

हे सगळं फक्त कळवायचं म्हणून. उत्तराची अपेक्षा नाही.

दादा


१९ फेब्रुवारी

चि. टाचणी यास,

उत्तर आलं नाही. अपेक्षा नाही असं मीच लिहिलं होतं, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही. पण मागच्या पत्रात मुद्द्याचंच लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी ते मागे ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी घरच्यांची चौकशी केली. वडील कसे गेले? मी सांगितलं, अठ्ठावन्नाव्या वर्षी, दुकानात. सकाळी टेबलावर कापड पसरलं, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत खुर्चीत बसल्या बसल्या गेले. छातीला हातसुद्धा लावला नाही. भाग्यवान माणूस, काही त्रास झाला नाही, असं तेव्हा सगळे म्हणाले आणि आपणही इतकी वर्षं तेच म्हणत आलो. बाईंनी विचारलं, "त्यांना मधुमेह होता?" होता म्हटलं. तेवढं त्यांनी लिहून घेतलं. भाग्यवान होते हे लिहून घेतलं नाही.

मग भाऊ. वय चौपन्न, मधुमेहाला चौदा वर्षं झाली, हे मी धडाधड सांगितलं. "हृदयाची तपासणी कधी झाली होती त्यांची?" माहीत नाही म्हटलं. "विचारा मग." आम्ही बोलत नाही, म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मग पत्र लिहा." म्हणून हा खटाटोप.

आता त्या दुपारबद्दल. आपण दोघांनी तिचा विषय कधी काढला नाही, पण आता काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

हेडमास्तरांच्या निवृत्तीचा कोट होता. त्यांच्या मुलाने परदेशातून पाठवलेलं लोकरी कापड, तेवढाच तुकडा, दुसरा मिळणार नव्हता. हेडमास्तर समोर उभे होते. आणि तू पुढचे दोन्ही भाग डाव्या बाजूचेच कापलेस. शिकाऊ माणूस पहिल्या महिन्यात करतो ती चूक तू तीस वर्षं कात्री चालवल्यावर केलीस. मी म्हणालो, "ज्याला डावं-उजवं कळत नाही त्यानं कात्री धरू नये." हेडमास्तरांनी मान दुसरीकडे वळवली. तू कात्री टेबलावर ठेवलीस आणि दुकानातून उतरलास. पंधरा दिवसांत त्या तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर झालास, महिन्याभरात घर हलवलंस, आणि मला ते धोब्याकडून कळलं.

पण कापण्याआधीचं आठव. तुला दरदरून घाम सुटला होता. हात थरथरत होता, खडूची रेघ वाकडी जात होती. तू स्टुलावर बसलास. मी बरणीतली साखर तुला दिली. मग "नाटकं पुरे" म्हणालो आणि तू उठून कापायला घेतलंस. पाच वर्षं मी याचा एकच अर्थ लावला, की तुझं मन दुकानात राहिलं नव्हतं. दवाखान्यात पडल्या पडल्या मला दुसरा अर्थ दिसला. माझ्यासारखाच तुलाही तेव्हा झटका आला असणार. न दुखणारा. आपण दोघांनीही तो साखरेच्या नावावर खपवला.

तसं असेल तर चूक तुझी नव्हती. आणि माझीही नव्हती. आपल्याला माहीतच नव्हतं.

पण मग पाच वर्षं तू तो डाग घेऊन हिंडतो आहेस. म्हणून सांगतो, हृदयाची पट्टी काढून घे. सोनोग्राफी करून घे, चालत्या पट्ट्यावर चालवतात तीही तपासणी करून घे. रक्तदाब, रक्तातली चरबी, लघवीतून प्रथिनं जातात का तेही बघतात. नुसती साखर बघून समाधान मानू नकोस. बाई म्हणाल्या, मधुमेही माणूस साखरेवर डोळे लावून बसतो आणि घात दुसरीकडून होतो.

भांडण हवं तर चालू ठेव. तपासणी करून आल्यावर भांडू.

दादा


७ मार्च

चि. टाचणी यास,

तुझं उत्तर मला अप्रत्यक्ष मिळालं. धाकटीने आपल्या जाऊबाईला, म्हणजे तुझ्या वहिनीला, फोनवर सांगितलं, तू दोन्ही पत्रं वाचलीस, घडी घालून ठेवलीस आणि म्हणालास, "माझी शुगर कंट्रोलमध्ये आहे. मी सिगरेट ओढत नाही. माझी कंबर छत्तीस आहे. दादाला म्हणावं, स्वतःचं बघ."

पालथ्या घड्यावर पाणी, असं मी म्हणणार होतो. पण छत्तीस ऐकलं आणि मी मापांची जुनी वही शोधायला उठलो.

आता जे लिहितोय ते आपल्या धंद्यातलं आहे आणि बाहेर कुणाला सांगू नकोस. बाबांचा नियम तुला पाठ आहे, की कमरेचा आकडा गिऱ्हाइकाच्या कानावर पडू द्यायचा नाही. मी टेप लावून चौतीस म्हणायचो आणि तू वहीत छत्तीस लिहायचास. गिऱ्हाईक आरशात खूश, पँट अंगाला बरोबर, झाकली मूठ सव्वा लाखाची. चाळीस वर्षांत एकाही माणसाची कंबर आपण त्याला खरी सांगितली नाही.

तुझ्या पँटी मीच शिवत होतो. शिंप्याला स्वतःची कंबर मोजता येत नाही, टेप धरला की श्वास आपोआप आत जातो. तू हात वर करून उभा राहायचास, मी टेप लावायचो आणि आकडा सांगायचो. तू दर दोन-तीन वर्षांनी अर्धा-पाऊण इंच वाढत होतास. पहिल्यांदा एक इंच कमी सांगितला, सवय म्हणून. मग दोन. तुला मधुमेह निघाला तेव्हा तू चिडचिडा झाला होतास, म्हणून तीन. शेवटची पँट शिवली तेव्हा मी मोठ्याने छत्तीस म्हणालो आणि वहीत स्वतःच्या हाताने चाळीस लिहिलं. ती वही अजून आहे. ते पान मी काल बघितलं.

तुला वाटत राहिलं, आपण जसेच्या तसे आहोत. त्या कारखान्याच्या तपासणी शिबिरात फॉर्मवर तू छत्तीस लिहिलंस आणि तिथल्या डॉक्टरांनी शाबासकी दिली, हेही धाकटीने सांगितलं. ती शाबासकी माझ्यामुळे मिळाली. मधुमेह असलेल्या माणसाच्या पोटाचा घेर हृदयाशी थेट जोडलेला असतो म्हणे. आपण लोकांच्या पोटाला टेप लावण्यात आयुष्य घालवलं आणि हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी आपण दोन इंच कमीच ऐकलं असतं.

माझी कंबर काजवाल्या काकांनी मोजली. मी आधीच बजावलं होतं, खरा आकडा सांगा. त्यांनी टेप लावला, बघितलं आणि म्हणाले, "त्रेचाळीस. सांगा म्हणालात म्हणून सांगितलं."

तुला ‘टाचणी’ म्हणणं आता कितपत बरोबर आहे मला ठाऊक नाही, पण नाव बदलायचं वय गेलं. धाकटीला टेप लावायला सांग. श्वास आत ओढू नकोस. आणि तो आकडा घेऊन डॉक्टरांकडे जा.

मला तुझी काळजी वाटते. हे वाक्य लिहायला तीन पत्रं लागली.

दादा


२३ मार्च

चि. टाचणी यास,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, काज केल्यासारखं घट्ट. चार ओळी लिहिल्यास, पण माझ्या तीन पत्रांना पुरून उरल्या.

बेचाळीस म्हणजे बेचाळीस. धाकटी हसली असं लिहिलंस, तिला हसू दे. पाच वर्षांत दोन इंच तू माझ्या मदतीशिवाय कमावलेस, एवढं तरी मला सोडून दे.

तुझी अट वाचली. "वहिनीने सांगितलं, तुझं छोटंसं काम म्हणजे तीन नळ्या बंद आहेत. तू तारीख घे, मी तपासणीला जातो. तोपर्यंत उंटावरून शेळ्या हाकू नकोस." हे तुला शोभतं. लहानपणीही तू आंघोळीला जाण्यासाठी माझ्या आंघोळीची अट घालायचास.

हो, मी लपवलं. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून तपासलं तेव्हाच सांगितलं होतं, तिन्ही मुख्य रक्तवाहिन्या चोंदल्यात, फुगा घालून भागणार नाही, छाती उघडून नवी वाट करून द्यावी लागेल. मधुमेहात बऱ्याचदा असंच होतं म्हणे, एका जागी गाठ नसते, सगळीकडे थोडं थोडं साचत जातं. पायातली शीर काढून छातीत जोडतात. जन्मभर मी कुणाच्या कोटाला ठिगळ लावलं नाही, आता आतून लावून घ्यायचं. मी दोनदा तारीख घेतली आणि दोनदा पुढे ढकलली. एकदा लग्नाचे सूट आहेत म्हणालो. दुसऱ्यांदा सर्दी आहे म्हणालो. दोन्ही खोटं.

खरं सांगायचं तर भीती वाटते. बेशुद्ध करतील त्याची नाही. टेबलावर निजायचं आणि दुसऱ्याने कापायचं, याची. कापणाऱ्याचा हात कधी चुकतो हे मला जास्त माहीत आहे.

तुझी वहिनी दिवसभर भांड्यांवर राग काढते. माझ्याशी बोलायचं असलं की काजवाल्या काकांना सांगते, "मास्तरांना म्हणावं, गोळी घ्या." मी शेजारीच बसलेलो असतो.

काल जाऊन तारीख घेतली. बारा एप्रिल, सकाळी आठ. कागदावर सही केली. या वेळी ढकलणार नाही. आता तुझी पाळी. डॉक्टरांना त्या दुपारची हकीकत सांग, घाम, थरथर, सगळं. डाग कुठे आहे ते त्यांना लगेच सापडेल. लवकर कळव.

दादा


५ एप्रिल

चि. टाचणी यास,

तुझं जाड पाकीट काल मिळालं. अहवालाच्या प्रती मी डॉक्टरीणबाईंकडे नेल्या. त्यांनी सगळं नीट वाचलं आणि म्हणाल्या, "भावाचं हृदय चांगलं आहे. रक्तदाब वाढलेला आहे, चरबी बरीच जास्त आहे, त्याच्या गोळ्या चालू केल्यात ते योग्य केलं. वेळेवर गेले. पण जुना डाग वगैरे काही नाही."

मी म्हणालो, पुन्हा बघा. त्यांनी पुन्हा बघितलं. नाही म्हणाल्या.

मला आनंद झाला. तो झालाच, यात शंका घेऊ नकोस. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझ्या लक्षात आलं, की आनंदाबरोबर आणखी काहीतरी झालंय. मी निराश झालो होतो. भावाच्या हृदयाला जखम नाही हे ऐकून निराश झालेला माणूस मी आहे. बसस्टॉपवर बसून राहिलो. दोन बस सोडल्या.

मग तुझं पत्र परत वाचलं. पहिल्यांदा वाचताना मी अहवालाच्या घाईत शेवटचं पान नुसतं चाळलं होतं. तू लिहिलंयस:

"दादा, साखर तू दिली नव्हतीस. त्या दिवशी मी एक वाजता म्हणालो, डबा खाऊन घेतो. तू म्हणालास, आधी कोट काप, मग जेव. दोन वाजता परत विचारलं. तू मान वर न करता म्हणालास, तुला खाण्याशिवाय काही सुचतं का. सकाळची गोळी पोटात होती. पावणेचारला मला दोन दोन टेबलं दिसत होती, तेव्हा मी कात्री घेतली. मी गेल्यावर काजवाले काका बरणी घेऊन कोपऱ्यापर्यंत माझ्यामागे आले. मी सायकलच्या दुकानाच्या पायरीवर बसून साखर खाल्ली. दहा मिनिटांत हात थरथरायचे थांबले. इथल्या डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, मग ती साखरच उतरली होती, दुसरं काही नाही."

दुकानात जाऊन काकांना विचारलं. ते काज करत होते. सुई न थांबवता म्हणाले, "धाकट्या मास्तरांचा डबा दुसऱ्या दिवशी मी धुतला. भरलेला होता." मी विचारलं, पाच वर्षं बोलला का नाहीत? म्हणाले, "तुम्ही विचारलं का?"

त्यानंतर मला सगळं आठवलं. आठवलं म्हणजे ते कधी गेलंच नव्हतं, मी त्याच्यावर दुसरं कापड पसरलं होतं. तू एक वाजता विचारलंस, दोन वाजता विचारलंस. हेडमास्तर चारला येणार होते आणि त्यांच्यासमोर कापलेला कोट दाखवायचा मला मोठेपणा हवा होता. मीही त्या दिवशी जेवलो नव्हतो, पण माझी गोळी वेगळी, ती उपाशीपोटी साखर पाडत नाही. तुझी पाडते हे मला माहीत होतं. बाबांच्या वेळेपासून घरात तो नियमच होता, गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही.

दवाखान्यात त्या बाईंनी न दुखणाऱ्या झटक्याबद्दल सांगितलं तेव्हा मला फार सोयीचं वाटलं. तुझ्या हृदयावर डाग असता, तर त्या दुपारी जे झालं ते दुखण्याने केलं असतं. मी तुला तपासणीला पिटाळलं ते काळजीने, हे खरं आहे. पण डाग सापडावा असं मला वाटत होतं, हेही खरं आहे. दोन्ही एकाच पत्रात लिहिलं, एक दिसेल असं आणि एक न दिसेल असं.

डाग नाही. म्हणजे दोष द्यायला दुसरं कुणी राहिलं नाही. तुला मी उपाशी ठेवलं, तुझ्याकडून चूक झाली, आणि चारचौघांत मी तुला बोललो. चूक माझी होती. मला माफ कर. पाच वर्षांपूर्वी त्या पायरीवर येऊन हे म्हणायला हवं होतं, साठ पावलं होती.

माफ करायलाच हवं असं नाही. ते तुझ्यावर आहे. पण रक्तदाबाची गोळी रोज घे आणि संध्याकाळी चालायला जा, ते माझ्यावर सोपवू नकोस.

अकरा तारखेला मला दवाखान्यात घेतील. बाराला सकाळी आठला सुरू करतील, चार-पाच तास लागतील म्हणे. तुझी वहिनी बाहेर बसेल, काका दुकान बंद करून येणार आहेत. तुला कारखान्यातून सुट्टी मिळते का माहीत नाही. ये असं हक्काने म्हणायची माझी पत राहिलेली नाही, म्हणून नुसतं विचारतो. येशील का?

आदल्या रात्रीपासून मला पाणीसुद्धा देणार नाहीत. तू मात्र गोळी घेतलीस की जेव, आणि मगच गाडीत बस.

दादा